बालमर्दन

बालमर्दन : लहान मुलाच्या अंगावरून तेल लावून किंवा तेलाशिवाय, ठराविक दिशेने व बेताच्या दाबाने हात फिरविण्याची क्रिया. ती सामान्यतः आई, आजी किंवा सुईण करते. भारतात तिचा हेतू मुख्यतः अंग बळकट करणे व मुलास शांत झोप लागणे हा असतो. चीनमध्ये मात्र तिला रोगोपचाराचे स्वरूप प्राप्त झाले आहे. अवधान टिकवू न शकणाऱ्या चंचल मुलांसाठी चिनी पद्धतीचा पालकांकरवी उपयोग करण्याचे प्रयत्न एकविसाव्या शतकात झाले असून त्यांमुळे या क्रियेच्या उपयुक्ततेचा व मर्यादांचा नव्याने विचार होऊ लागला आहे.

भारतीय परंपरा : तेल लावून अंग चोळण्यास आयुर्वेदात ‘अभ्यंग’ म्हणतात. तो नित्य करावा व डोके, कान आणि पाय यांना विशेषेकरून करावा, असे वाग्भटाच्या अष्टांगहृदय या ग्रंथात सांगितले आहे. नवजात बालकास बलातेल लावण्याचा निर्देशही त्यात आढळतो. खानदेशात, उदा., धुळ्याच्या उत्तरेस मुंबई–आग्रा मार्गावर वसलेल्या व तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोनगीर गावाच्या परिसरात, महाराष्ट्रात अन्यत्र आढळते त्याप्रमाणेच, ही परंपरा ग्रंथांपेक्षा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हातांतून चालत आली आहे. आजी पाय पसरून बसते व बाळास पायांवर घेते. टाळू तेलाने भरते. छाती, पोट व पाठ चोळून हातपायांना व्यायाम देते आणि ऊन पाण्याने न्हाऊ घालून शेक व धुरी देते. पहिल्या काही महिन्यांत हा क्रम नित्य चालतो. मूल चालू लागले की तो हळूहळू मागे पडतो. अवधानाच्या अडचणी ज्या वयात लक्षात येऊ लागतात, त्या वयात घरातील मर्दन बहुधा संपलेले असते व दिवाळीचे अभ्यंगस्नान तेवढे उरते.

तान्ह्या मुलांच्या मर्दनाकडे पाश्चात्त्यांचे लक्ष वेधण्यात फ्रेंच वैद्य फ्रेदेरिक लबॉयर यांच्या शांताला (१९७६) या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. कलकत्त्यातील एका आईच्या मर्दनपद्धतीचे त्यात सचित्र वर्णन आहे.

चिनी पद्धती : ‘त्वेना’ या चिनी संज्ञेचा अर्थ ‘ढकलणे व पकडणे’ असा आहे. मुलांच्या मर्दनावरील एक जुना ग्रंथ यांग जी-जौ यांच्या १६०१ मधील सूचिचिकित्साविषयक बृहद्ग्रंथात समाविष्ट आहे. यावरून मिंग काळात ही शाखा स्वतंत्रपणे विकसित झाली होती, असे दिसते. तीत मुलाचा हात हे प्रमुख उपचारस्थान होय. अंगठा प्लीहेशी, तर्जनी यकृताशी, मधले बोट हृदयाशी, अनामिका फुप्फुसांशी आणि करंगळी वृक्काशी संबंधित मानतात व त्या त्या बोटावरून एकाच दिशेने शेकडो वेळा हलक्या हाताने घासतात. भुवयांच्या मध्यापासून केसांच्या रेषेपर्यंत अंगठे फिरविणे आणि पाठीच्या कण्यालगतची त्वचा चिमटीत धरून खालून वर सरकत जाणे, या क्रियाही प्रचलित आहेत. बोटे व अवयव यांच्यातील हा संबंध पारंपरिक चिनी वैद्यकाच्या कल्पनेवर आधारलेला आहे. आधुनिक शरीररचनाशास्त्रात त्यास आधार नाही.

अवधानदोष व मर्दन : ब्रिटिश बालरोगतज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये आवेगी व अस्थिर मुलांचे वर्णन केले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९८० च्या वर्गीकरणात ‘अवधानदोष’ ही संज्ञा आली. चिनी वैद्यकात ही लक्षणे यकृताचा प्रकोप, प्लीहेचे दौर्बल्य इ. कारणांनी स्पष्ट करतात. हाँगकाँग येथे शाळापूर्व वयाच्या मुलांच्या पालकांना त्वेना शिकवून तिची प्राथमिक चाचणी घेण्यात आली. अशा चाचण्यांचे निष्कर्ष काढताना एक अडचण येते : मर्दन करणारा पालकच मुलाच्या वर्तनाला गुण देतो, त्यामुळे त्याच्या अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. शिवाय रोज काही वेळ पालकाने सर्व कामे बाजूला ठेवून मुलाजवळ बसणे, हीच गोष्ट मुलास स्वस्थ करणारी असू शकते. स्पर्शाने ताण कमी होतो व झोपेस मदत होते, एवढे मानण्यास आधार आहे. परंतु मर्दनाने अवधानदोष बरा होतो, हे सिद्ध झालेले नाही. शाळापूर्व वयात औषधांआधी पालकांना वर्तनविषयक प्रशिक्षण द्यावे, अशी अमेरिकन बालरोग अकादमीची शिफारस (२०१९) आहे.

दक्षता : ताप, पुरळ, जखम किंवा अस्थिभंग असताना आणि जेवणानंतर लगेच मर्दन करू नये. नाकात तेल सोडण्याची रूढी घातक आहे. ते फुप्फुसांत उतरून दाह होऊ शकतो. मूल अंग चोरू लागले किंवा रडू लागले, तर थांबावे. मुलाची चंचलता ऐकू न येणे, अपुरी झोप, अपस्मार किंवा अध्ययनातील अडचण यांमुळेही असू शकते. म्हणून केवळ मर्दनावर विसंबून तपासणी लांबविणे हा यातील खरा धोका होय. भारतात २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीयोग्य व्याधींत अवधानदोषाचा समावेश आहे. या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतील मुलांना वर्षातून दोनदा व शासकीय शाळांतील मुलांना एकदा तपासतात आणि गरजेप्रमाणे पुढील उपचारांसाठी पाठवितात. अशा तपासणीला व वर्तनविषयक मार्गदर्शनाला पूरक म्हणून घरातील मर्दनाला स्थान आहे. त्यांच्याऐवजी मात्र ते वापरता येत नाही.