बारावीचं इंग्रजी : उजळणी आईच्या साथीने

बारावीला इंग्रजीत मुलगी अडली, की अनेक घरांत शिक्षण थांबतं आणि स्थळं बघणं सुरू होतं. म्हणून उजळणी आतापासूनच हवी.

आपल्या बोर्डाचा लेखी पेपर ८० गुणांचा, तोंडी परीक्षेला २०. लेखीत गद्य ३४, कविता १४, लेखनकौशल्य १६ आणि कादंबरी १६.

आधी व्याकरण. मराठीत क्रियापद शेवटी येतं : ‘सीता पाणी पिते.’ इंग्रजीत ते मधे येतं : ‘सीता ड्रिंक्स वॉटर.’ एकटी सीता असेल तर ‘ड्रिंक्स’, दोघीतिघी असतील तर ‘ड्रिंक’. घरकामावरची अशी पाच वाक्यं मुलीकडून रोज लिहून घ्या.

मग वाचन. आधी प्रश्न वाचायचे, नंतर उतारा. उताऱ्यात काय आहे, ते तिने तुम्हाला मराठीत सांगायचं. सांगताना जिथे ती अडखळेल, तो भाग पुन्हा वाचायचा.

लेखनासाठी आपल्या बचत गटाच्या बैठकीचा अहवाल तिला इंग्रजीत दहा ओळींत लिहू द्या. कुठे, कधी, कोण आलं, काय ठरलं, हे सगळं तिला तुम्हीच सांगू शकता. लिहिलेलं बाईंकडून तपासून घ्यायला सांगा.

आणि रोज तासभर तिला पाण्याभांड्यांतून मोकळं करा. त्याला इंग्रजी यावं लागत नाही.