वीजदर कोण ठरवते? नियामक आयोगाविषयीचे सात गैरसमज

वीजदर वाढल्याची बातमी आली की कुणी सरकारला दोष देते, कुणी कंपनीला. ‘आपल्याला कोण विचारतो?’ असे म्हणून विषय तिथेच संपतो. पण ग्राहकाला विचारल्याशिवाय वीजदर ठरवता येत नाही, असे या देशाचा कायदा सांगतो. ही विचारणा करण्याचे काम महाराष्ट्रात ज्या संस्थेकडे आहे, ती म्हणजे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. १९९८च्या केंद्रीय कायद्यानुसार १९९९मध्ये हा आयोग स्थापन झाला आणि २००३च्या विद्युत अधिनियमाने त्याचे अधिकार वाढवले. तरीही आयोग नेमके काय करतो, याविषयी समज कमी आणि गैरसमज फार आहेत.

गैरसमज १ : आयोग म्हणजे सरकारचेच एक खाते, मंत्री सांगतील तो दर.

वस्तुस्थिती : दर ठरवण्याचा अधिकार सरकारकडे राहिलेला नाही. आयोगावर एक अध्यक्ष आणि दोन सदस्य असतात. त्यांची नेमणूक राज्य सरकार करते, पण नावे सुचवणाऱ्या निवड समितीच्या अध्यक्षस्थानी उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश असतात. मुदत पाच वर्षांची किंवा वयाच्या ६५व्या वर्षापर्यंत, आणि त्याच पदावर फेरनेमणूक नाही. गैरवर्तनाच्या आरोपावरून सदस्याला काढायचे झाल्यास आधी विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांकडून चौकशी व्हावी लागते. सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत सरकार आयोगाला निर्देश देऊ शकते, पण दराचा आकडा आयोगानेच ठरवायचा असतो. गोव्याचे उदाहरण बोलके आहे. तिथे वीज पुरवते ते सरकारचे विद्युत खातेच; तरीही त्या खात्याला आपल्या दरांसाठी संयुक्त विद्युत नियामक आयोगापुढे याचिका घेऊन जावे लागते.

गैरसमज २ : कंपनी मागते, आयोग देतो.

वस्तुस्थिती : वितरण कंपनीला पुढील वर्षांत किती महसूल लागेल, याचा तपशील याचिकेतून मांडावा लागतो. यात सर्वांत मोठा वाटा वीज खरेदीचा. त्याशिवाय पारेषण, देखभाल, पगार, व्याज, घसारा आणि भांडवलावरील परतावा. आयोग प्रत्येक खर्च तपासतो आणि वाजवी वाटेल तेवढाच मान्य करतो. भांडवलावर किती परतावा घ्यायचा, हेही विनियमांनीच ठरलेले असते. वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष खर्च आणि मंजूर खर्च यांचा ताळमेळ घातला जातो. ठरवून दिलेल्यापेक्षा गळती जास्त झाली, तर तो सगळा बोजा ग्राहकावर टाकण्याची मोकळीक कंपनीला नसते. मंजूर होणारा आकडा मागणीपेक्षा कमी असणे ही म्हणूनच नेहमीची गोष्ट आहे.

गैरसमज ३ : एकाच शहरात वेगवेगळे दर म्हणजे पक्षपात.

वस्तुस्थिती : मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर, अदानी इलेक्ट्रिसिटी आणि मुलुंड-भांडुप भागात महावितरण असे चार परवानाधारक आहेत. प्रत्येकाचे वीज खरेदीचे करार, ग्राहकांचा प्रकार, जाळ्यावरचा खर्च आणि जुनी येणी वेगळी. त्यामुळे प्रत्येकाची याचिका वेगळी, सुनावणी वेगळी आणि आदेशही वेगळा. शेजारच्या भागातला दर कमी का, याचे उत्तर त्या कंपनीच्या खर्चात शोधावे लागते.

गैरसमज ४ : बिलावरचा प्रत्येक रुपया आयोगाने लावलेला असतो.

वस्तुस्थिती : बिल हातात घेऊन एकेक ओळ वाचली, तर हे लगेच उलगडते. स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार आयोगाच्या आदेशातून येतात. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो. त्याचे सूत्र आयोगाचे, पण तो हलतो वीज खरेदीच्या प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे. वीज शुल्क हा मात्र राज्य सरकारचा कर आहे. घरगुती ग्राहकांना तो १६ टक्के पडतो आणि सरकारी तिजोरीत जातो. तो कमी करायचा, तर सरकारकडेच मागणी करावी लागेल.

सवलतींचेही तसेच. २०२४मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. हा निर्णय सरकारचा आहे. विद्युत अधिनियमाच्या कलम ६५नुसार अशा सवलतीची रक्कम सरकारने कंपनीला आगाऊ द्यायची असते. शेतीपंपासाठी दर आयोग ठरवतोच. तो शेतकऱ्याऐवजी सरकार भरते.

गैरसमज ५ : जनसुनावणी हा केवळ उपचार.

वस्तुस्थिती : कायद्याच्या कलम ६४नुसार याचिका प्रसिद्ध करणे आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेणे बंधनकारक आहे, आणि याचिका मिळाल्यापासून १२० दिवसांत आयोगाने निर्णय द्यायचा असतो. पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकांचा बाजू मांडण्याचा हक्क मान्य केला. हा हक्क कसा बजावायचा याची पद्धत आयोग आखू शकतो, हक्क नाकारू शकत नाही.

अशा सुनावण्यांनी काय साधते, याचा धडा महाराष्ट्राने सुरुवातीलाच घेतला. पूर्वी राज्य वीज मंडळ आपली गळती २० टक्क्यांच्या आत असल्याचे सांगत असे. मीटर नसलेल्या शेतीपंपांचा वापर अंदाजाने मोठा धरला की चोरी आणि तांत्रिक गळती त्यात झाकली जाई. २०००च्या आसपास आयोगापुढील पहिल्या दरनिश्चितीत या अंदाजांवर प्रश्न विचारले गेले, पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी आकड्यांची चिरफाड केली आणि गळतीचा मान्य आकडा ३० टक्क्यांच्या वर गेला. तोवर शेतकऱ्याच्या नावावर टाकलेल्या विजेचा खरा मार्ग लोकांसमोर आला. बंद खोलीत दर ठरत होते, तोवर हे कधीच घडले नव्हते.

गैरसमज ६ : चुकीच्या बिलाची तक्रार थेट आयोगाकडे करायची.

वस्तुस्थिती : वैयक्तिक तक्रारींसाठी कायद्याने वेगळी वाट दिली आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. तिथे दाद लागली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच. मंचाचा निर्णय मान्य नसेल, तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत. वकील लावण्याची सक्ती नाही. वीजचोरीची किंवा अनधिकृत वापराची प्रकरणे मात्र या मंचापुढे चालत नाहीत. तुटलेला पुरवठा सुरू करणे, नवी जोडणी देणे, मीटर बदलणे यांसाठी आयोगाने मुदती ठरवल्या आहेत आणि त्या पाळल्या नाहीत तर ग्राहकाला भरपाई मिळते. अनेकांना हा हक्क असल्याचेच माहीत नसते. तक्रारीची पोच आणि तारीख जपून ठेवा, कारण पुढचा सगळा दावा तिच्यावर उभा राहतो.

गैरसमज ७ : दर कमी ठेवणे एवढेच चांगल्या आयोगाचे काम.

वस्तुस्थिती : कायदा आयोगाला दोन गोष्टी एकदम पाहायला सांगतो : ग्राहकाचे हित आणि पुरवठ्याच्या खर्चाची वाजवी वसुली. लोकांना बरे वाटावे म्हणून रास्त खर्चही दरात घेतला नाही, तर तो नाहीसा होत नाही. पुढच्या वर्षांच्या खात्यात तो व्याजासह साचतो. दिल्लीत असे हजारो कोटी रुपये साचले. ६ ऑगस्ट २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी थकीत वसुली वर्षानुवर्षे वाढू देण्याबद्दल नियामकांना धारेवर धरले आणि ती ठरलेल्या मुदतीत संपवण्यास सांगितले. आजची खोटी स्वस्ताई आपल्या मुलांच्या बिलात व्याजासह येते. म्हणून ‘दर वाढला का?’ याच्या जोडीने ‘तो कशामुळे वाढला आणि तो खर्च टाळता आला असता का?’ हेही विचारले पाहिजे.

आयोगाचा शब्द अखेरचा नसतो, हेही लक्षात ठेवावे. आदेशाच्या पुनर्विलोकनाची मागणी करता येते, विद्युत अपिलीय न्यायाधिकरणात अपील करता येते आणि तिथून कायद्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात जाता येते.

आयोग निर्दोष आहे, असा याचा अर्थ नाही. त्याचे आदेश शेकडो पानांचे असतात, भाषा क्लिष्ट असते आणि सामान्य माणसाला त्यातले फार थोडे कळते. कंपनीकडे तज्ज्ञ आणि वकिलांची फौज असते. घरगुती ग्राहकाकडे बहुतेक वेळा फक्त त्याचे बिल असते. ही दरी ग्राहकांनी संघटित होऊनच भरून काढता येईल. गृहनिर्माण संस्था, ग्रामपंचायती, शेतकरी संघटना आणि ग्राहक पंचायती यांनी एकत्र बसून याचिकेचा सारांश वाचावा, दोन-तीन नेमके मुद्दे निवडावेत आणि मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवावी. दरवाढीनंतरच्या शंभर निषेधांपेक्षा दरवाढीआधीची एक अभ्यासपूर्ण हरकत जास्त मोलाची, कारण त्या हरकतीची दखल आयोगाला आपल्या आदेशात घ्यावी लागते. दरनिश्चितीची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. पुढच्या वेळी ती दिसली, की पान उलटू नका.