वास कुठून आणायचा?

हदगावच्या शिवारात हळद शिजायला लागली की चूल दिसण्याआधी वास येतो. आभासी वास्तवाचं घोडं इथंच अडलंय. चित्रं हलवणं तर जुनंच: कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ दाखवून पडद्यावरची चित्रं हलवली. अमेरिकेत मॉर्टन हायलिगच्या ‘सेन्सोरामा’ला १९६२ मध्ये पेटंट मिळालं, त्यात वारा, हादरे, वासही होते! आजच्या हेडसेटनं मात्र डोळे-कानच काय ते काबीज केले. मान वळवल्यावर चित्र जरा मागं रेंगाळलं, की मळमळलंच. गरम हळकुंडाचा चटका बोटांना द्यायचा तर थेट मज्जातंतूंना गाठणं हा एक मार्ग. शरीरात रोपलेल्या इलेक्ट्रोडमुळं कृत्रिम हाताचा स्पर्श रुग्णांना जाणवलाही आहे. पण आभासी जत्रा बघायला शस्त्रक्रिया कोण करून घेईल?