मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन नको

शेणवा गाव असो की मुरबाड, मूल होत नसलं की तपासायला आधी बाईलाच नेतात. पण जवळपास निम्म्या जोडप्यांत दोष पुरुषाकडेही असतो. म्हणून 2 ते 7 दिवस संबंध टाळून वीर्यतपासणी करावी. मिलिलिटरमागे 1.6 कोटींहून कमी शुक्राणू म्हणजे संख्या कमी. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सकाळी, आणि कमी आल्यास पुन्हा एकदा तपासतात.

टेस्टोस्टेरॉन कमी आहे म्हणून ते बाहेरून टोचून घेणं उलटं पडतं. रक्तात हार्मोन वाढलेलं दिसताच मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना आदेश देणं थांबवते आणि शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. व्यायामशाळेतल्या ‘बॉडी’च्या इंजेक्शनांनीही हेच होतं.

त्याऐवजी डॉक्टर निवडक रुग्णांना क्लोमिफीन देतात. त्यामुळे पिट्युटरीचे आदेश वाढतात. मुळात पिट्युटरीच कमी पडत असेल, तर एचसीजी आणि एफएसएच या हार्मोनांची इंजेक्शनं चांगली लागू पडतात. प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढलं असेल तर कॅबरगोलिन देतात. वृषणंच निकामी असतील तर औषधांचा उपयोग थोडा.

शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. त्यामुळे तीन महिन्यांआधी गुण शोधू नये. दरम्यान तंबाखू, दारू सोडावी. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत.