ओळ किती आत घ्यायची

सकाळी ९:४०. पुण्यात नळ स्टॉपजवळचं सामायिक ऑफिस. कोपऱ्यातल्या टेबलाचं दिवसाचं भाडं ३५० रुपये, वीज आणि इंटरनेट त्यातच. एक प्रोग्रॅमर लॅपटॉप स्टँडवर ठेवते, बाहेरचा कीबोर्ड जोडते. तो साडेचार हजारांचा, मनगट दुखायला लागल्यावर घेतलेला. आजचं काम तासावर आहे. तासाला हजार, सहा तास मंजूर.

९:५५. काम असं. एडिटरच्या एका प्लगइनमध्ये विम या दुसऱ्या एडिटरसारख्या कमांड चालतात. माऊसला हात न लावता नुसती अक्षरं दाबून फाइलभर फिरायचं, ओळी कापायच्या, बदलायच्या. ‘ओ’ दाबलं की खाली नवी ओळ उघडते. पण कर्सर थेट डाव्या कडेला. कोड बारा स्पेस आत असेल तर स्पेसबार बडवत तिथवर जायचं. ती करून दाखवते. “अंगठ्याकडे बघा,” म्हणते.

१०:२०. पहिला उपाय सरळ. वरच्या ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा उचलायची आणि नव्या ओळीला लावायची. स्पेस मोजायच्या नाहीत, आहे तसं उचलायचं. कुणी टॅब वापरतं, कुणी स्पेस. पायथनमध्ये दोन्हींची सरमिसळ झाली तर प्रोग्रॅम अडू शकतो.

११:१५. चहा, १५ रुपये. “ताई, आज साखर कमी घातलीय,” चहावाला सांगतो. कप हातात, नजर स्क्रीनवरच. ओळ कोलनने संपली तर पुढची आणखी एक पायरी आत जायला हवी. भाषेगणिक असे नियम वेगळे, पण एंटरसाठी ते एडिटरकडे आधीच असतात. मग ‘ओ’चं काम ती त्याच्यावरच सोपवते. बरीच खटपट वाचते.

१२:३०. मोठा ‘ओ’, म्हणजे वर ओळ उघडणं. आधीच्या ओळीच्या शेवटी जाऊन एंटर मारला की जमतं. पण फाइलच्या पहिल्याच ओळीवर असू तर आधीची ओळच नाही. तिथे वेगळी वाट लिहावी लागते. ‘सीसी’ त्यामानाने सोपं: मजकूर पुसायचा, आतली जागा ठेवायची.

१:३०. डबा. भेंडी, पोळी. घड्याळ थांबवून.

२:१०. नवी ओळ उघडली, काही न लिहिताच एस्केप दाबलं, तर? अस्सल विम ती मोकळी जागा पुसून टाकतो. इथे ती मागे उरते, न दिसणारा कचरा. ती पुसायचा कोड लिहिते. विमचा पूर्वज व्हीआय बिल जॉयने १९७६ साली लिहायला घेतला. तो ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर घडला, त्यावर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होतं, करंगळीच्या टप्प्यात. आता ते कोपऱ्यात गेलंय. तिने कॅप्स लॉकलाच एस्केप केलंय.

३:४०. ‘यू’ दाबलं की सगळं एका फटक्यात मागे जायला हवं. आधी आतली जागा जाते, मग ओळ. म्हणजे दोनदा दाबावं लागतं. दोन्ही बदल एकाच गाठीत बांधावे लागतात. मनगट झटकून ती पुन्हा सुरू करते.

४:५०. आता डॉट. विममध्ये टिंब दाबलं की मागचं काम पुन्हा होतं. विमची सवय लागलेला माणूस त्याच्याच भरवशावर असतो. प्लगइनने मात्र बारा स्पेसही त्या कामाचाच भाग म्हणून टिपून ठेवल्यात. चार स्पेस आतल्या ओळीवर टिंब दाबलं, की नवी ओळ बारा आत जाऊन बसते. हे मला दिवसातलं सगळ्यात अवघड काम वाटलं. हाताने लिहिलेलं आणि यंत्राने भरलेलं वेगळं काढायचं, लिहिलेलं तेवढंच लक्षात ठेवायचं, आत किती घ्यायचं ते दर वेळी नव्याने ठरवायचं. एक चाचणी हिरवी होते, दुसरी लाल. ती पुटपुटत एकेक ओळ तपासते. फोन उलटा ठेवलाय.

६:१५. सगळ्या चाचण्या हिरव्या. मंजूर तास मघाशीच संपलेत. डॉटचं काम ती बिलात धरत नाही. “अर्धवट कसं देणार?” म्हणते. बिल सहा हजारांचं. टेबलाचे ३५० त्यातूनच जायचे. उद्याच्या यादीत एकच ओळ: ‘पी’ने चिकटवलेल्या मजकुराचं इंडेंट.