आंदणातलं बेट आणि माहीमचं चर्च

आमच्या वडगावातून शहापूर ओलांडून बेळगावच्या कॅम्पात गेलं की दोन चर्चं भेटतात. सेंट मेरीचं दगडी चर्च इंग्रज लष्करासाठी उभं राहिलं, ते प्रोटेस्टंट. दुसरं कॅथलिकांचं, त्याचा धागा गोव्यामार्गे थेट लिस्बनच्या राजापर्यंत जातो. लहानपणी मला दोन्ही एकच वाटायची. फरक उमगला तो मुंबईचा इतिहास वाचताना.

इंग्लंडमध्ये १५३४ साली आठव्या हेन्रीने पोपला दूर सारलं आणि तो स्वतःच चर्चचा प्रमुख झाला. १५५३ मध्ये त्याची मुलगी मेरी गादीवर आली, तिने देश पुन्हा कॅथलिक केला. पाच वर्षांनी एलिझाबेथ आली आणि तिने तो पुन्हा फिरवला. जर्मनीत तर १५५५ च्या ऑग्सबर्गच्या तहाने ज्याचं राज्य त्याचा धर्म, असं कागदावरच ठरलं. यथा राजा तथा प्रजा!

मुंबईत मात्र वेगळंच घडलं. स्पेनशी झुंजणाऱ्या पोर्तुगालला इंग्लंडची मदत हवी होती. म्हणून १६६१ च्या करारात राजकन्या कॅथरिनचं लग्न दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं आणि आंदणात पोर्तुगीजांच्या ताब्यातलं मुंबई बेट गेलं. गोव्याच्या व्हाइसरॉयला हे मुळीच पटलं नव्हतं. ताबा मिळेना, म्हणून इंग्रज सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत बसले. तापाने आणि हालअपेष्टांनी सुमारे चारशेंतले जेमतेम शंभर उरले, त्यांचा सेनापती शिपमनही तिथेच गेला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये ताबा मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलं.

म्हणजे कॅथलिक रयत आता प्रोटेस्टंट राजाची झाली. पण करारात रहिवाशांच्या धर्माला हमी होती आणि कंपनीला व्यापार हवा होता, वाद नव्हे. रयतेने पंथ बदलला नाही. बदलली ती पाद्र्यांची नेमणूक, आणि मला यातलं खरं राजकारण तिथे दिसतं. पोपने पोर्तुगीज राजाला दिलेला ‘पाद्रोआदो’ म्हणजे चर्चं बांधण्याचा, पाद्री पोसण्याचा आणि बिशप सुचवण्याचा हक्क. ज्या पाद्र्यांची निष्ठा लिस्बनला, ते आपल्या बेटावर कशाला, असं इंग्रजांना वाटू लागलं. १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालवलं आणि रोमने थेट पाठवलेले कार्मेलाइट पाद्री आणले. पुढे १७९४ मध्ये मुंबईची चर्चं गोव्याचा पक्ष आणि रोमचा पक्ष यांच्यात वाटली गेली. प्रोटेस्टंट सरकार कॅथलिकांचा बिशप कोण हे ठरवू लागलं!

या वाटणीची झळ सामान्य माणसाला लागली. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये रोमच्या बाजूचे बिशप हार्टमान आपल्या माणसांसह दारं लावून बसले. बाहेर गोव्याच्या पक्षाच्या लोकांनी वेढा घातला, अन्नपाणी आत जाऊ देईनात. एकाच क्रूसापुढे गुडघे टेकणारी माणसं दोन्ही बाजूंना होती. पंधरा-एक दिवसांनी सरकारने मध्ये पडून तो वेढा उठवला आणि चर्च गोव्याच्या पक्षाला मिळालं.

मुंबईच्या गावठाणांतली ही कॅथलिक माणसं मराठीच बोलत राहिली. त्यांच्या लग्नात आजही वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणतात. कामधंद्यासाठी आलेल्या गोवेकर आणि मंगळूरकर ख्रिस्त्यांपासून आपण वेगळे, हे सांगण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. कॅथलिक प्रजेने प्रोटेस्टंट राणीच्या उत्सवात स्वतःला नाव दिलं, हे मला फार बोलकं वाटतं.

गोवा आणि रोम यांचा हा दुहेरी कारभार १९२८ च्या समझोत्याने संपला, तोही अर्धाच. मुंबईचा आर्चबिशप आलटून पालटून एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असावा असं ठरलं. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस त्या जागी आले, ते भारतीय. आणि आमचं बेळगाव? स्वातंत्र्य मिळून सहा वर्षं झाली तरी इथले कॅथलिक गोव्याच्या आर्चबिशपांकडेच होते. १९५३ मध्ये बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा कुठे तो धागा सुटला.