बोधचरित्रांचे साधनमूल्य

बालपणी जॉर्ज वॉशिंग्टनने चेरीचे झाड तोडले आणि वडिलांपुढे ते निर्भयपणे कबूल केले, ही कथा अमेरिकेतील पिढ्यान्‌पिढ्यांनी क्रमिक पुस्तकांतून वाचली. तिचा उगम मात्र एकाच ग्रंथात सापडतो. मेसन लॉक वीम्स (१७५९–१८२५) हा धर्मोपदेशक गावोगाव हिंडून पुस्तके विकीत असे. वॉशिंग्टनच्या निधनानंतर लगेच, १८०० साली, त्याने त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. चेरीची कथा त्यात १८०६ च्या पाचव्या आवृत्तीत अवतरली. तिच्या आधारासाठी वीम्स एका वृद्ध स्त्रीकडे बोट दाखवितो, पण तिचे नाव सांगत नाही.

मराठीत या जातीचे, परंतु कितीतरी थोर योग्यतेचे लेखन ताहराबादच्या महिपतीने (१७१५–१७९०) केले. त्याचा ‘भक्तविजय’ शके १६८४ मध्ये म्हणजे १७६२ साली पूर्ण झाला. तुकारामांच्या निर्वाणाला तेव्हा शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. ज्ञानेश्वरांच्या समाधीला तर साडेचारशेंहून अधिक. चमत्कार या ग्रंथात पानोपानी आहेत. तथापि नाभाजी आणि उद्धवचिद्घन या पूर्वसूरींचा आधार आपण घेतला, हे महिपती स्वतःच नमूद करतो. वीम्स जेथे वाट पुसून टाकतो, तेथे महिपती ती दाखवितो, हा भेद अभ्यासकाने दृष्टीआड करू नये. ज्ञानेश्वरकालीन घटनांचा साक्षीदार म्हणून महिपती दुर्बळ ठरेल. अठराव्या शतकातील भाविक समाज संतांकडे कसा पाहत होता, याचा मात्र तो उत्तम साक्षीदार होय.

गंमत अशी की, खुद्द महिपतीही अशाच एका कथेने ओळखला जातो. पूजेत असताना जहागीरदाराचे बोलावणे आले, त्या व्यत्ययाने उद्विग्न होऊन त्याने कुलकर्णाची लेखणी कायमची खाली ठेवली व ती केवळ संतचरित्रांसाठी उचलली, असे सांगतात. त्याच्या या ग्रंथांचे इंग्रजी भाषांतर पुढे जस्टिन ॲबट या अमेरिकन धर्मोपदेशकानेच हाती घेतले, हाही एक योगायोग.

हीच कसोटी अर्वाचीन हुतात्म्यांच्या चरित्रांनाही लावावी लागते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती मृत्यू पावले, ही घटना निर्विवाद आहे. त्या क्षणी शिरीषकुमाराने पोलिसांना काय सुनावले, हे सांगणारी वाक्ये वेगळ्या कोटीतील होत. ती कोणी ऐकली, प्रथम कोणी व केव्हा लिहिली, असे विचारणे म्हणजे त्या हौतात्म्याविषयी शंका घेणे नव्हे.